रात्री दम लागतो, छाती धडधडते? ‘गॅस झाला असेल’ म्हणण्याआधी या चुका टाळा

रात्री दोनच्या सुमारास बाबा दचकून उठून बसायचे. लालबागच्या आमच्या खोलीत कॉटला लागूनच खिडकी आहे. तिचे गज दोन्ही हातांनी धरून, मान पुढे काढून ते श्वास ओढायचे. गंजी पाठीला चिकटलेली असायची. मी पाठीवर हात ठेवला की तळव्याला धडधड लागायची. वीसेक मिनिटांनी शांत व्हायचे आणि सकाळी नेहमीसारखे जिना उतरून दूध आणायला जायचे. दीड महिना आमच्या घरात एकच वाक्य चाललं होतं, ‘गॅस झाला असेल.’

पहिली चूक: सकाळी बरं वाटलं म्हणून सोडून देणं

आमचं इथेच चुकलं, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते. त्या दीड महिन्यात बाबांच्या डोक्याखाली एकाच्या दोन उशा झाल्या, मग आईने वर गोधडीची घडी ठेवली. कुणी मोजलं नाही. हृदयरोगतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत विचारलं, “उशा किती लागतात?” आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो.

हृदय अशक्त झालं की दिवसभर पायात पाणी साचतं. संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ उमटतो, नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा राहतो. रात्री आडवं झाल्यावर तेच पाणी रक्तात परत येतं, हृदयाला तो भार पेलत नाही आणि फुफ्फुसात पाणी साठू लागतं. म्हणून झोप लागल्यावर एक ते तीन तासांनी माणूस गुदमरून उठतो, आणि उठून बसल्यावर किंवा उभं राहिल्यावर हळूहळू बरं वाटतं. बसल्यावर बरं वाटणं ही खूण आहे. ती डॉक्टरांना आपणहून सांगा. ज्यांना जुना बीपी किंवा मधुमेह आहे, ज्यांना आधी हार्ट अटॅक येऊन गेलाय, त्यांनी तर नक्कीच. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन गेलेल्यांच्या हृदयाची झडप पुढे आकसू शकते आणि त्यांनाही तरुण वयात, विशेषतः गरोदरपणात, असाच त्रास होतो.

आणि हो, बाबांच्या ताटात तेव्हा रोज पापड, लोणचं आणि आठवड्यातून दोनदा सुके बोंबील असत. मीठ पाणी धरून ठेवतं. त्यात गॅससाठी सोड्याची पुडी. तिच्यातही सोडियमच असतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

‘ईसीजी नॉर्मल आहे’ म्हणून निश्चिंत होणं

जवळच्या एका दवाखान्यात दुपारी ईसीजी काढला, ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवलं. ईसीजी म्हणजे दहाएक सेकंदांची नोंद. रात्री दोनला ठोके बिघडत असतील तर दुपारी चारला ते दिसतीलच असं नाही. धडधड अचानक सुरू होऊन अचानक थांबत असेल, किंवा नाडी वेडीवाकडी लागत असेल, तर २४ तास अंगावर लावायचं, ठोके नोंदवत राहणारं होल्टर यंत्र लागतं. हृदय किती जोराने रक्त ढकलतंय हे टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसतं. बाबांचं दुखणं त्यातच सापडलं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही सगळी भिस्त ठेवू नका. थंड बोटांवर, नेलपॉलिशवर तो चुकतो, आणि ऑक्सिजन ९७ दिसला म्हणजे हृदय ठीक आहे असा अर्थ होत नाही.

बाईमाणूस असेल तर ‘टेन्शन’ म्हणणं

माझी मावसबहीण डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला जाते. रात्री छाती धडधडून जाग यायची, पूल चढताना धाप लागायची. सगळ्यांनी टेन्शन ठरवलं. हिमोग्लोबिन निघालं सात. पाळीत किती रक्त जातं हे तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. मग आधी हे का तपासू नये? सोबत थायरॉइडही बघा. तो वाढला तर हात थरथरतात, वजन उतरतं, उकाडा सोसत नाही आणि झोपेतही नाडी पळते.

पॅनिक अटॅक खरा असतो, झोपेतूनही येतो. साधारण दहा मिनिटांत तो टोकाला जातो, बोटांना मुंग्या येतात, आता मरणार असं वाटतं. त्यावर चांगले उपचार आहेत. फक्त ते नाव सगळ्यात आधी देऊ नका, बाकीचं तपासून मग द्या.

शेजाऱ्याची गोळी, शेजाऱ्याचा पंप

दम्याचा पंप ज्याचा त्याचाच. त्यातल्या काही औषधांनी धडधड आणखी वाढते. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या गोळीने बीपी एकदम खाली येऊ शकतो. झोप मोडते म्हणून झोपेची गोळी घेणं तर सगळ्यात वाईट, कारण कित्येकांचा श्वास झोपेत अडखळत असतो. मोठमोठ्याने घोरणं, मध्येच चिडीचूप, मग हिसका देऊन जाग. सकाळी डोकं जड आणि लोकलमध्ये उभ्याउभ्या डुलकी. असं असेल तर नवऱ्याचा किंवा बायकोचा घोरतानाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून डॉक्टरांना दाखवा, ते स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, सांगतील. सर्दीच्या काही गोळ्यांनी आणि रात्रीच्या दारूनेही नाडी पळते. इन्सुलिनवर असणाऱ्याला घाम फुटून धडधड झाली तर आधी साखर तपासा.

घराकडे न बघणं

पहाटे तीन-चारला छातीत शिट्टी वाजत दम लागत असेल तर दम्याचा विचार करा. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटामागे बुरशी धरते, गादी दमट होते, खिडक्या बंद करून वर मच्छर अगरबत्ती लावतो आपण. बाल्कनीत कबुतरं असतील तर त्यांच्या विष्ठेच्या धुळीने काहींच्या फुफ्फुसाला कायमची इजा होते, दाणे टाकणं थांबवा. दहाला घरी येऊन साडेदहाला जेवून लगेच आडवं होणाऱ्यांच्या घशाशी आंबट पाणी येऊन ठसका लागतो, तेव्हा गॅसवाले अगदीच चुकीचे नसतात. जेवण आणि झोप यात दोन-तीन तास ठेवून बघा.

नोंद न ठेवणं

आईने शेवटी दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवरच लिहायला घेतलं: किती वाजता, किती उशा, किती वेळात उतरलं, नाडी किती. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून ३० सेकंद मोजायचं, दुप्पट करायचं. ठोके एकसारखे आहेत की चुकतात तेही लिहायचं. तेच पान आम्ही तज्ज्ञांकडे नेलं.

मात्र छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, ओठ निळे, गुलाबी फेसाळ थुंकी, चक्कर, एकच पाय सुजलेला, एक वाक्यही सलग बोलता न येणं, किंवा पडून असतानाही १२० च्या वर पळणारी आणि न उतरणारी नाडी, यातलं काहीही दिसलं तर नोंद करत बसू नका. १०८ लावा. दम लागलेल्या माणसाला आडवं करू नका, पाय खाली सोडून बसवा. जिना चालत उतरायला लावू नका, खुर्चीत बसवून दोघांनी उचला. आणि आजच वॉचमनचा नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवा, रात्री गेटची किल्ली त्याच्याकडे असते.