कार्डिओलॉजिस्ट व्हायचंय म्हणून कॉलेज शोधताय? आधी ओपीडीची लाईन बघून या

नीटचा रिझल्ट लागला की आमच्या चोपडा गावाकडून (जळगाव जिल्हा) एक तरी फोन येतोच, दादा पोराला कार्डिओलॉजिस्ट व्हायचंय, कोणतं कॉलेज पहिल्या नंबरला टाकू? मी पण बारावीनंतर हेच विचारत फिरत होतो, कारण आजोबा अटॅकने गेले आणि जळगावला पोचेपर्यंत उशीर झाला होता. आज मी पेडियाट्रिक्सला, म्हणजे लहान मुलांच्या विभागात, रेसिडेंट आहे, हार्टचं भूत एमबीबीएसलाच उतरलं.

आधी हिशोब करा. एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक, मग मेडिसिनचं एमडी तीन आणि त्यावर डीएम (हार्टची सुपरस्पेशालिटी) तीन, झाली साडेअकरा वर्षं, ती पण मध्ये ड्रॉप न घेता, आणि सरकारी कॉलेजचं बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष यात धरलेलंच नाही. प्रत्येक टप्प्याला परत परीक्षा, परत रँक. त्यामुळे कॉलेजात कॅथलॅब (अँजिओग्राफीची खोली) आहे की नाही याने पुढची सीट मिळत नाही, आणि असली तरी एमबीबीएसचं पोरगं ती काचेबाहेरूनच बघतं.

एक गोष्ट मात्र कॉलेजवर अवलंबून असते. सरकारी कॉलेजातल्या पीजीच्या (एमडी, एमएस वगैरे) ५० टक्के जागा ऑल इंडिया कोट्यातून भरतात, बाकीच्या राज्याकडे. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पीजीला नुसत्या रहिवासावर आरक्षण चालणार नाही, एमबीबीएस कुठून केलं याला मात्र ठराविक मर्यादेत प्राधान्य देता येतं. म्हणून पुढे महाराष्ट्रातच पीजी करायचं असेल तर बाहेरच्या राज्यातली सीट घेताना दोनदा विचार करा.

बाकी बघायचं ते पेशंट. आम्ही बापलेक एक प्रायव्हेट कॉलेज बघायला गेलो होतो (नाव राहू द्या), सकाळचे अकरा वाजलेले, लायब्ररी एसी, मेडिसिनच्या वॉर्डात मात्र चादरीला सुरकुती नाही आणि वॉर्डबॉय मोबाईलवर रील बघतोय. वडील केळीवाले, त्यांना यातलं काही कळत नाही, पण बाहेर येऊन म्हणाले, "आठे पेशंटच नही, ते तू शिकशी काय?" (आठे म्हणजे इथे.) मग आपल्याकडचंच सरकारी घेतलं. आता तर खानदेशात तीन आहेत, धुळ्याचं १९८९ चं, जळगावचं २०१८ चं, नंदुरबारचं २०२० चं.

सेकंड इयरला एका रात्री सीनियरच्या मागे मागे कॅज्युअल्टीत गेलो तर साप चावलेली सात-आठ वर्षांची पोरगी आली. सीनियरने काचेच्या कोऱ्या ट्यूबमध्ये दोन एमएल रक्त घेऊन माझ्याकडे दिलं, म्हणाला ठेव आणि हात लावू नको, वीस मिनिटांनी बघ. आयुष्यात घड्याळाकडे एवढं कधी बघितलं नसेल. ट्यूब हळूच कलती केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं, म्हणजे विष भिनलेलं. सीनियर ओरडला, एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) काढा! चौथ्या दिवशी ती पोरगी कॉटवर बसून पारले-जी चहात बुडवून खात होती, आणि माझी ब्रँच बहुतेक तिथेच ठरली. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), कुपोषण हे पण इथेच भरपूर बघायला मिळालं, सातपुड्यातून येणारी पोरं.

नव्या कॉलेजात पीजी रेसिडेंट कमी असतात, मग इंटर्नच्या हाताला काम जास्त लागतं, पण शिकवणारे पण कमी असतात, हे दोन्ही खरंय. मला विचाराल तर पहिल्या साडेपाच वर्षांत हाताला काम मिळालेलं बरं, थिअरी काय, सगळे मोबाईलवरच करतात. वेबसाईट वाचत बसू नका, तिथल्या इंटर्नला गाठा आणि विचारा, शेवटची डिलिव्हरी तू स्वतः कधी केलीस? आठवावं लागलं तर समजून घ्या.

आणि लिस्ट भरायच्या आधी एखाद्या सोमवारी सकाळी जाऊन या. केसपेपरची लाईन गेटपर्यंत आली असेल तर वर टाका. मेसचं काही विचारू नका, डाळ सगळीकडे तीच.