दाराची लाकडी चौकट ओळंब्यात कशी बसवावी

दार घासते किंवा अर्ध्यावर सोडले तर आपोआप उघडते, तेव्हा आपण बिजागरीला दोष देतो. दोष बहुधा चौकटीत असतो, आणि गिलावा झाल्यावर तो काढायचा तर भिंत फोडावी लागते. म्हणून सुताराने चौकट उभी केल्यापासून गवंडी विटा लावेपर्यंतचा वेळ घरमालकाने तिथेच थांबावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आधी चौकट जमिनीवर आडवी ठेवून आतले दोन्ही कर्ण मोजावेत. 3 फूट रुंद आणि 7 फूट उंच मोकळ्या जागेचा कर्ण 7 फूट 7 इंचांहून किंचित अधिक भरतो. दोन्ही मापे सारखी आली की चौकट काटकोनात आहे. मग वरच्या कोपऱ्यांत तिरक्या आणि तळाशी व मधोमध आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकाव्यात, नाहीतर बांधकामाच्या दाबाने उभे खांब आत वाकतात. भिंतीत जाणाऱ्या बाजूला डांबर लावावे, कारण ओल्या चुन्या-सिमेंटचे पाणी पिऊन लाकूड फुगते आणि वाळल्यावर आकसते.

चौकटीची उंची तयार फरशीच्या पातळीवरून धरावी. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी घेताना नळीत हवेचा बुडबुडा राहिला, तर सारे माप चुकते. चौकट विटांच्या पुढे गिलाव्याच्या जाडीइतकी, साधारण 12 मिलिमीटर, राहू द्यावी.

ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेला वजनदार लोलक, प्रत्येक खांबाला दोन बाजूंनी लावावा, समोरून आणि आतून. वारा असेल तर लोलक पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावा, म्हणजे दोरी स्थिर होते; मग वर आणि खाली दोरी व लाकूड यांतील अंतर पट्टीने मोजावे. बिजागरीच्या खांबाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण दार आपोआप फिरते ते त्याच्या कलण्याने. एवढ्यावर थांबू नये. चौकटीच्या दर्शनी बाजूवर दोन दोऱ्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ताणून बांधाव्यात. मध्यावर त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या तर चौकटीला पीळ नाही.

मग दोन्ही बाजूंना तीन-तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पकडी) काँक्रीटमध्ये बसवावेत आणि विटांचे दोन-तीन थर चढले की ओळंबा पुन्हा लावून पाहावा. काँक्रीट पुरते घट्ट होईपर्यंत पट्ट्या काढू नयेत.