शिडाच्या जहाजाच्या लॉगबुकातून जुनं हवामान कसं काढावं

मुंबईत कुलाबा वेधशाळा १८२६ साली सुरू झाली आणि हवामानाच्या नियमित नोंदी १८४१पासून. त्याआधीचं अरबी समुद्रावरचं हवामान जाणून घ्यायचं तर जहाजांची लॉगबुकं उघडावी लागतात. वारा कुठून होता, किती जोराचा होता, पाऊस कधी कोसळला, हे जहाजावरचे अधिकारी रोज लिहीत. हवामानशास्त्राच्या आवडीपोटी नव्हे. जहाज कुठे पोचलं याचा हिशेब वाऱ्यावाचून लागतच नसे. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी त्यावर वायुभारमापक आणि तापमापकाचीही भर घातली. १७८९ ते १८३४ या काळातल्या त्यांच्या सुमारे ९०० लॉगबुकांतून दोन लाख सत्तर हजारांहून अधिक नोंदी संशोधकांनी उतरवून काढल्या आहेत.

हे काम घरी बसूनही करता येतं. लागतं ते एवढंच: लॉगबुकाच्या पानांचे फोटो, एक स्प्रेडशीट आणि भरपूर चिकाटी. नवखा माणूस थेट वाऱ्यापासून सुरुवात करतो. माझ्या मते क्रम असा हवा: आधी वेळ, मग जागा, मग वारा. वेळ-जागा चुकली तर पुढचं अचूक वाचनही वाया जातं.

१. लॉगबुक मिळवा

कंपनीच्या जहाजांची लॉगबुकं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. ब्रिटिश नौदलाची क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत. तिथे कप्तानाची आणि मास्टरची (जहाजाचा मार्ग सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची) लॉगबुकं वेगवेगळ्या मालिकांत ठेवलेली आहेत. एकाच जहाजाची दोन्ही मिळाली तर सोडू नका, एकातला पुसट आकडा दुसऱ्यात स्वच्छ सापडतो. सुरुवातीला १७९० नंतरची, लंडनहून मुंबईला आलेली एखादी सफर घ्या. तोवर अक्षर बरंच सुवाच्य झालेलं असतं आणि कॅलेंडरची भानगडही नसते.

२. पानाची रचना समजून घ्या

डावीकडे तीन अरुंद रकाने असतात: तास, नॉट आणि फॅदम. मिनिटाच्या सुमारे निम्म्या वेळेची वाळूची घटिका उलटी करून, गाठी मारलेली दोरी मागे समुद्रात सोडायची आणि किती गाठी (नॉट) हातातून गेल्या ते मोजायचं, हा जहाजाचा वेग. नॉटचा आठवा भाग म्हणजे इथला एक फॅदम. ६ नॉट ४ फॅदम म्हणजे साडेसहा नॉट. पुढे जहाजाची दिशा, वाऱ्याची दिशा आणि उजवीकडे शेऱ्यांचा रुंद रकाना. खरं हवामान या शेऱ्यांत असतं. वर तेच असेल तर खाली नुसतं ‘डिट्टो’. ते उतरवताना पूर्ण शब्द भरा, पण शेजारी खूण ठेवा.

शेऱ्यांत ‘फर्स्ट पार्ट’, ‘मिडल पार्ट’, ‘लॅटर पार्ट’ असे शब्द वारंवार भेटतात. हे दिवसाचे आठ-आठ तासांचे तीन तुकडे. पहिला दुपारी बारा ते रात्री आठ, दुसरा पहाटे चारपर्यंत, तिसरा पुन्हा दुपारी बारापर्यंत. हो, दुपारी बारापासून. सगळी गोम इथेच आहे.

३. तारीख पक्की करा

समुद्रावरचा दिवस मध्यरात्री नव्हे, दुपारी बाराला सुरू व्हायचा, आणि तोही आपल्या दिवसाच्या बारा तास आधी. म्हणजे लॉगबुकातली १२ जून ही आपल्या ११ जूनच्या दुपारी सुरू होऊन १२ जूनच्या दुपारी संपते. पानावर ‘१२ जून, संध्याकाळी ४, जोराचा पाऊस’ असं दिसलं तर तो पाऊस ११ जूनचा. ‘१२ जून, सकाळी ८’ मात्र खरोखरच १२ जूनची सकाळ. पानाच्या तळाशी दिलेले अक्षांश-रेखांशही १२ तारखेच्या दुपारचे. मॉन्सून कधी लागला ते शोधत असाल तर एका दिवसाचा हा फरक सगळं मुसळ केरात घालू शकतो.

ओळखायचं कसं? पानावर आधी पी.एम. आणि खाली ए.एम. असेल, तर दिवस दुपारी सुरू होतोय. ब्रिटिश नौदलाने ही पद्धत १८०५ साली सोडली. कंपनीची जहाजं त्यानंतरही काही काळ तीच चालवत राहिली. शिवाय बंदरात नांगर टाकला की बरीच जहाजं साध्या, मध्यरात्रीपासूनच्या दिवसावर येत. ‘हा लॉग १२ तासांचा’ किंवा ‘३६ तासांचा’ असा शेरा दिसला की समजा, इथे सांधा बदलला. निघताना १२ तासांचा दिवस, पोचल्यावर ३६ तासांचा. हा शेरा सुटला तर पुढची अख्खी सफर सरकते.

१७५२ च्या आधीचं लॉगबुक हाती लागलं तर आणखी एक पायरी. इंग्रज तेव्हा जुन्या ज्युलियन कॅलेंडरवर होते. २ सप्टेंबर १७५२ नंतर त्यांनी थेट १४ सप्टेंबर लिहिला. सतराव्या शतकातल्या तारखांत १० दिवस मिळवायचे, अठराव्यातल्यांत ११. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही आपल्याकडे घट्ट बसलेली तारीखही जुन्या कॅलेंडरातलीच आहे. आजच्या हिशेबाने तो दिवस १६ जूनचा. कोकणात ६ जून आणि १६ जून यांत केवढा फरक पडतो, हे वेगळं सांगायला नको. त्या काळी इंग्रजांचं वर्षही २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे फेब्रुवारीतली नोंद मागच्या सालाखाली सापडली तर दचकू नका.

४. जहाज नकाशावर ठेवा

अक्षांश बहुधा भरवशाचा असतो, कारण तो दुपारच्या सूर्यावरून मोजलेला असे. रेखांशाचं तसं नाही. एक तर शून्य कुठून धरलंय ते पाहावं लागतं. ग्रीनिच हे सगळ्यांचं शून्य अजून झालेलं नव्हतं. शेवटचं दिसलेलं बेट किंवा भूशिरसुद्धा शून्य म्हणून चालायचं. आफ्रिकेला वळसा घालून आलेली जहाजं कोमोरो बेटांमधल्या जोहॅनाला पाणी भरायला थांबत आणि तिथून पुढचा पूर्वेकडचा हिशेब मांडत.

दुसरं म्हणजे, क्रोनोमीटर (समुद्रावरही अचूक चालणारं घड्याळ) नसेल तर रेखांश हा वेग आणि दिशा यांवरून बांधलेला अंदाज. त्यावर उपाय सोपा आहे. जहाज मुंबईत पोचलं त्या दिवशी लॉगबुकात ७१ अंश ५० मिनिटं लिहिलंय, आणि मुंबई तर ७२ अंश ५० मिनिटांवर आहे. म्हणजे एक अंशाची तूट, मुंबईच्या अक्षांशावर सुमारे १०५ किलोमीटर. शेवटची ओळखीची जमीन दिसल्यापासून जेवढे दिवस गेले, तेवढ्यांवर ही तूट थोडी थोडी वाटून टाका.

५. वारा वाचा

होकायंत्राचे ३२ भाग, प्रत्येक सव्वाअकरा अंशांचा. लिहिलेली दिशा वारा *जिथून* येतो ती. पण ती होकायंत्राने दाखवलेली, खऱ्या उत्तरेवरून मोजलेली नव्हे. १८०० च्या सुमारास केप ऑफ गुड होपजवळ सुई पश्चिमेकडे जवळपास २५ अंश झुकलेली असे. तिथे लिहिलेला नैर्ऋत्य वारा, म्हणजे २२५ अंश, प्रत्यक्षात २०० अंशांवरचा, दक्षिणेकडे बराच कललेला. लॉगबुकात ‘व्हेरिएशन’ म्हणून सुईचा झुकाव अधूनमधून मोजून लिहिलेला असतो, तोच वापरा.

जोर मोजायचा तर बोफर्टची ० ते १२ ची श्रेणी. फ्रान्सिस बोफर्टने ती १८०६ साली स्वतःच्या रोजनिशीत मांडली आणि नौदलाने १८३८ साली स्वीकारली. त्याआधीच्या नोंदी शब्दांत: लाइट एअर्स, फ्रेश ब्रीझ, स्ट्राँग गेल. १७५० ते १८५० मधल्या ब्रिटिश, डच, फ्रेंच आणि स्पॅनिश लॉगबुकांवर काम करणाऱ्या क्लायवॉक प्रकल्पाने अशा शब्दांचा कोशच तयार केला. लाइट एअर्स १, फ्रेश ब्रीझ ५, मॉडरेट गेल ७, फ्रेश गेल ८, स्ट्राँग गेल ९.

पण कोशावर आंधळा विश्वास नको, शिडांकडे बघा. नमुन्यासाठी मीच रचलेली नोंद घ्या: ‘फर्स्ट पार्ट फ्रेश गेल, पावसाच्या सरी, टॉपसेल दोनदा आखडली. लॅटर पार्ट मॉडरेट, टॉपगॅलंट चढवली.’ (टॉपसेल म्हणजे डोलकाठीवरचं खालून दुसरं शीड, टॉपगॅलंट त्याच्या वरचं; आखडणं म्हणजे शीड थोडं गुंडाळून लहान करणं.) कोश म्हणतो ८. बोफर्टच्या मूळ व्याख्येत मात्र टॉपसेल दोनदा आखडायची ती ७ ला, तीनदा आखडायची ती ८ ला. मी इथे ७ लिहीन आणि शंकेच्या रकान्यात ८. उलट ‘फ्रेश गेल’ लिहून सगळी शिडं पसरलेली असतील, तर लिहिणाऱ्याचा शब्दच सैल आहे असं समजावं. कप्तान बदलला की शब्दांची सवयही बदलते. म्हणून एका माणसाची पन्नासेक पानं वाचल्याशिवाय आकडे भरूच नयेत.

किनाऱ्यालगतच्या नोंदी वेगळ्या रंगात ठेवा. हिवाळ्यात कोकण-मलबारजवळ पहाटे ‘लँड विंड’ आणि दुपारनंतर ‘सी ब्रीझ’ असं रोज येतं. हा आपला मतलई आणि खारा वारा. त्यावरून अरबी समुद्रावरच्या मोसमी वाऱ्याचा अंदाज बांधला तर फसगत ठरलेली.

६. वायुभारमापक

दाब इंचांत असतो. एक इंच म्हणजे ३३.८६ हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं आजचं एकक); २९.७० इंच म्हणजे सुमारे १००५.८. पण पारा उष्णतेने फुगतो. यंत्र ८४ अंश फॅरनहाइटच्या केबिनमध्ये टांगलेलं असेल, तर जवळजवळ ५ हेक्टोपास्कल वजा. मुंबईच्या अक्षांशावर गुरुत्वाकर्षण प्रमाणापेक्षा थोडं कमी पडतं, त्याचे आणखी २. हाती राहतात ९९९ च्या आसपास. उष्ण कटिबंधात दाब रोज सकाळी-रात्री दहाच्या सुमारास चढतो आणि पहाटे-दुपारी चारच्या सुमारास उतरतो, तेव्हा वेळ लिहायला विसरू नका. दुपारी दोन हेक्टोपास्कल उतरले म्हणून वादळ आलं असं होत नाही.

प्रत्येक नोंदीला तीन रकाने ठेवा: मूळ शब्द जसाच्या तसा, तुमचा आकडा, आणि शंका. मूळ शब्द कधीही दुरुस्त करू नका, स्पेलिंगसुद्धा.

७. दुसरं जहाज शोधा

एकटं जहाज एक रेघ देतं. त्याच दिवशीची तीन-चार जहाजं मिळाली तर वादळ दिसू लागतं. कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टनने हेच केलं. १८३९ पासून तो बंगालच्या उपसागरातल्या वादळांत सापडलेल्या जहाजांची लॉगबुकं गोळा करून त्यांचे वारे नकाशावर मांडत होता. ‘सायक्लोन’ हा शब्दही त्यानेच १८४८ साली रूढ केला. खलाशांना त्याने शिंगापासून बनवलेले पारदर्शक तुकडे दिले होते, वादळातले गोल फिरणारे वारे त्यावर कोरलेले. नकाशावर ठेवले की केंद्र कुठे असेल ते कळे. तुम्हाला ट्रेसिंग पेपर पुरेल. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब डाव्या हाताला असतो; प्रत्येक जहाजाच्या जागी बाण काढा आणि त्याच्या डावीकडे रेघ ओढा. रेघा एकमेकींना छेदतील तिथेच आसपास केंद्र.

एखाद्या जहाजाची रेघ भलतीकडेच जात असेल तर त्याला यादीतून काढण्याआधी दोन गोष्टी तपासा: त्याचा दिवस दुपारी सुरू होतो का, आणि त्याच्या दिशेतून सुईचा झुकाव वजा केलाय का.