ऑनलाइन दहावी-बारावीचे प्रमाणपत्र खरे की बनावट?

नांदेड, बीड, परभणीकडे ‘परीक्षा न देता, घरबसल्या दहावी पास’ अशी जाहिरात दिसली, तर शुल्क भरण्याआधी एकच प्रश्न विचारावा: प्रमाणपत्र नेमके कोणते मंडळ देणार आहे? संस्थेच्या नावात ‘राष्ट्रीय’ वा ‘मुक्त’ हे शब्द असल्याने मान्यता सिद्ध होत नाही. म्हणून दलालाने पाठवलेल्या दुव्यावर विसंबू नये. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे (एनआयओएस, केंद्र सरकारच्या अखत्यारीतील खरे मुक्त शिक्षण मंडळ) अधिकृत संकेतस्थळ स्वतः उघडून अभ्यासकेंद्राची नोंद तपासावी, किंवा राज्य मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर अथवा लातूर विभागीय कार्यालयात लेखी विचारणा करावी. खऱ्या मंडळाची परीक्षा द्यावीच लागते. शाळा सुटलेल्यांसाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज, म्हणजे शाळेत न जाता खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्याचा अर्ज, हा सरळ मार्ग आहे, आणि माझ्या मते गरीब घरातील मुलामुलींनी आधी त्याचीच चौकशी करावी.