जखम भरत नाही? मलम बदलण्याआधी चप्पल उलटी करून बघा

गेल्या पावसाळ्यात एक काका तळपायाची जखम घेऊन ड्रेसिंगला आले. दीड महिना झाला होता. पिशवीत सहा मलमांच्या ट्यूब, दोन तऱ्हेच्या पावडरी आणि अर्धी संपलेली बिटाडीनची बाटली. "सिस्टर, सगळं करून झालं, भरतच नाही बघा. बरं, दुखतही नाही काही." मी आधी चप्पल मागितली. आतून बोट फिरवलं तर अंगठ्याच्या उशीखाली, बरोबर जखमेच्या जागी, बारीक खिळ्याचं टोक वर आलेलं. दीड महिना काका रोज त्यावर पाय देत होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. अकरा वर्षांच्या शुगरने पाय बधिर झाला होता.

शुगरच्या पेशंटच्या पायाची जखम चिघळते तेव्हा बहुतेक वेळा चूक मलमात नसतेच. म्हणून मलमावरचं भांडण शेवटी घालू.

"दुखत नाही, म्हणजे साधी आहे"

सगळ्यात महाग पडणारं वाक्य हेच. शुगर असलेल्या माणसाची जखम दुखत नसेल तर उलट जास्त घाबरावं. दवाखान्यात नायलॉनचा एक धागा असतो. तो वाकेपर्यंत टेकवला की 10 ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटून तो कळला नाही, तर काटा, खडा, चटका यांतलं काहीच पायाला वेळेवर कळणार नाही. गरम पाण्यात पाय बुडवून शेकणारे आणि एप्रिलमध्ये देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालणारे लोक दुसऱ्या दिवशी तळव्यावर मोठे फोड घेऊन येतात. त्यांना त्या वेळी काही जाणवलेलंच नसतं.

ड्रेसिंग रोज, चालणंही रोज

पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक 1946 मध्ये वेल्लोरला आले आणि कुष्ठरोग्यांवर काम करू लागले. या रोग्यांचे पाय आपोआप सडतात असाच तेव्हा समज होता. वेदना कळत नाही म्हणून माणूस त्याच जागेवर पुन्हा पुन्हा वजन टाकतो आणि जखम त्यातून होते, हे ब्रँड यांनी दाखवून दिलं. प्लास्टर घालून त्या जागेवरचा दाब काढला की वर्षानुवर्षांच्या जखमा भरायच्या. शुगरच्या पायालाही तोच नियम आहे.

आमच्याकडे पेशंट ड्रेसिंग करून घेतात आणि त्याच पायावर जिना उतरून रिक्षा स्टँडपर्यंत चालत जातात. "घरात फार चालत नाही हो" म्हणतात. पण संडास, देवघर, स्वयंपाकघर, गॅलरी धरून दिवसाला किती फेऱ्या होतात ते मोजा, आणि त्याही अनवाणी. डॉक्टरांना सरळ विचारा, "या जागेवरचं वजन कशाने काढायचं?" प्लास्टर, खास बूट, फेल्टची गादी, एमसीआर (मऊ, सच्छिद्र रबराच्या तळव्याची) चप्पल यांतलं पायाला काय चालेल ते तेच ठरवतील. जखमेच्या कडेला पांढरं, टणक कातडं जमतं, तेही आत दाब देत राहतं. ते दवाखान्यात तासून घ्या. कुरूप म्हणून घरी ब्लेड लावलं की नवी जखम झालीच समजा.

रक्त पोचतं का, हे न बघता उपचार

पोटऱ्यांत चालताना गोळे येतात, थांबलं की जातात; पाय गार, बोटं काळपट. अशा पायाला कितीही महाग ड्रेसिंग लावा, रक्तच पोचत नसेल तर जखम भरणार कशाने? आधी पायाची नाडी आणि लागलं तर डॉपलर, म्हणजे रक्त किती वाहतंय ते बघायची तपासणी. तंबाखू, विडी, मिश्री चालू ठेवून रक्तवाहिन्यांवर उपचार करणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं.

घोट्याच्या आतल्या बाजूला, फुगलेल्या निळ्या शिरांजवळची ओली जखम वेगळी. तिला घट्ट दाबपट्टी लागते. पण धमनीचं रक्त नीट आहे हे तपासल्याशिवाय ती बांधू नका, पाय काळा पडू शकतो.

धुणं, सुकवणं, चोळणं

पेरॉक्साइडचा फेस बघून लोकांना बरं वाटतं. त्या फेसात नव्याने येणाऱ्या पेशीही मरतात. जखम धुवायला सलाइन किंवा पिण्याचं स्वच्छ पाणी पुरतं. उन्हात सुकवून खपली धरू देऊ नका. 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग केले, तेव्हा झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर कातडी साधारण दुप्पट वेगाने आली. कापूस थेट जखमेवर नको, तंतू चिकटतात. गॉझ चिकटलं असेल तर सलाइन टाकून पाच मिनिटं थांबा. ओढून काढलं की खालचं लाल, दाणेदार नवं मांस त्याच्यासोबत निघतं आणि आठवड्याची कमाई जाते.

बिब्ब्याचा चटका आणि रुईचा चीक, दोन्ही बधिर पायावर अजिबात नकोत. बिब्ब्याने भाजलेली टाच मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता आजीबाईंशी वादही घालत नाही, सरळ ड्रेसिंग ट्रे मागवते.

"डाळ-भाताने पू होतो" हे ऐकून पेशंटला नुसत्या भाकरीवर ठेवतात. पू जंतूंमुळे होतो. मांस भरायला प्रथिनं लागतात. डाळ, दूध, अंडी खाऊ द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.

आणखी पटापट: भाजलं तर 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली; टूथपेस्ट, बर्फ नको. कुत्रा चावला तर साबणाने 15 मिनिटं धुवा, मिरची भरू नका, आणि त्याच दिवशी लस. धनुर्वाताचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी घ्यायची गरज नसते. आधीचे डोस कधी झाले ते लिहून ठेवा. अँटिबायोटिक उरलेल्या पाकिटातून काढून खाऊ नका. जुन्या जखमेवर जंतू असतातच, गोळी लागते ती संसर्गाची लक्षणं दिसली तर.

लाली पसरत गेली, थंडी-ताप आला, वास सुटला, बोट काळं पडलं किंवा दाबल्यावर कातडीखाली कुरकुर जाणवली, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात जा.

हे काही नसेल तर दर रविवारी शेजारी पट्टी ठेवून जखमेचा फोटो काढा. चार आठवड्यांत ती निम्मी झाली नाही तर सगळे फोटो आणि रोजची चप्पल घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि हाडापर्यंत गेली आहे का ते एक्स-रे काढून बघायला सांगा.