माळेगावच्या यात्रेआधी घोड्याचा हंगाम कसा आखायचा

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही काढतो आणि प्रत्येक घोड्याच्या नावानं एक पान सोडतो. श्रावणातल्या अमावास्येपासून मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपर्यंत, म्हणजे माळेगावच्या खंडोबाची देवस्वारी निघते त्या दिवसापर्यंत, चार महिन्यांना एक दिवस कमी असतो. साडेसोळा आठवडे धरा. (मधे अधिक महिना आला तर तेवढी सवड जास्त.) आम्हा नांदेड जिल्ह्यातल्या लोहा-कंधारकडच्या घोडेवाल्यांचं वर्ष याच आठवड्यांत ठरतं, आणि आपली पोरं नेमके हेच आठवडे वाया घालवतात. पावसाळाभर घोडा खुंट्याला उभा आणि दिवाळी झाली की एकदम रपेट. म्हणून हे लिहितोय.

मी तरुणपणी अकरा वर्षं पुण्याच्या रेसकोर्सवर एका तबेल्यात सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, होतो. पुण्याचा हंगाम पावसाळ्यातला, मुंबईचा थंडीतला. नोव्हेंबर आला की घोड्यांबरोबर आम्हीही महालक्ष्मीला. त्या शर्यती सपाटीच्या. आता गावी आल्यावर रात्री मोबाईलवर इंग्लंड-आयर्लंडच्या उडीच्या शर्यती बघतो. तिथला मोठा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो, म्हणजे आपल्या दसऱ्याच्या सुमारास, आणि मार्चमध्ये चेल्टनहॅमला, एप्रिलमध्ये एन्ट्रीच्या ग्रँड नॅशनलला शिगेला पोचतो. ग्रँड नॅशनल म्हणजे जवळपास सात किलोमीटर आणि तीस उड्या. एवढं काम घोड्याकडून घ्यायचं तर तयारी उन्हाळ्यापासूनच लागते. तिथले मोठे तबेले शरद ऋतूत एकेका घोड्याचा बेत सांगतात: हा पहिल्यांदा इथं पळेल, तो जमीन ओली होईपर्यंत थांबेल, तिसऱ्याला या वर्षी लांबचा पल्ला देऊन बघू. मला शर्यतीपेक्षा ते बेत ऐकायला जास्त आवडतं. आपल्याकडं घोडा वेगळा, काम वेगळं, पण आखणी तीच चालते.

तर वही. पानावर सगळ्यात खाली शेवटचा दिवस लिहा आणि तिथून वर उलटं मोजत या. माझा राजबा सात वर्षांचा कुमैत (तांबूस अंगाचा, काळ्या आयाळीचा), रवाल म्हणजे हिसका न देणाऱ्या झपझप चालीचा. त्याच्या पानावर खाली ‘माळेगाव, अश्व प्रदर्शन’. त्याच्या तीन आठवडे आधी चंपाषष्ठी, तेव्हा एक बाहेरची फेरी. त्याआधी दिवाळीनंतर एक. बस्स, तीनच. मोगरा अकरा वर्षांची नुकरी (पांढरी) घोडी, नवरदेवाची. तिचं काम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतं ते उन्हाळ्यापर्यंत. तिला एका दिवसासाठी धार लावायची नसते, तिला टिकवायचं असतं. भिंगरी चार वर्षांची, नवखी. तिच्या पानावर मी या वर्षी तारीखच लिहिली नाही.

तिघांना एकच बेत लावायचा नाही. बेस्ट मेट नावाचा घोडा होता, चेल्टनहॅमचा गोल्ड कप त्यानं २००२, २००३ आणि २००४ असा लागोपाठ तीनदा जिंकला. २००२-०३ च्या अख्ख्या हंगामात तो फक्त तीनदा पळाला: नोव्हेंबरात हंटिंगडनला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी केम्प्टनला आणि मार्चमध्ये गोल्ड कपला. तिन्ही जिंकला. चार वर्षांनी कौटो स्टार आला, पॉल निकोल्सच्या तबेल्यातला. २००६-०७ मध्ये तो ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत सहा वेळा पळाला आणि सहाही जिंकला, गोल्ड कपसुद्धा. एक तीन फेऱ्यांचा, दुसरा सहा फेऱ्यांचा, दोघंही अव्वल. घोडा किती काम मागतो हे मालकाला कळलं पाहिजे, शेजाऱ्याच्या घोड्याकडं बघून ठरवायचं नाही.

कामाला हात लावण्याआधी पहिल्या आठवड्यात तब्येत. पावसाळ्यात गोमाशा चावतात त्यातून सर्रा होतो, अंगात ताप मुरतो आणि घोडा नुसता सुकत जातो. जनावरांच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. जंताचं औषध, धनुर्वाताची लस, दाढांच्या कडा घासून घेणं हे त्याच आठवड्यात. नालबंदाला बोलवा, पावसात खूर मऊ पडून पसरलेले असतात. कडब्याची प्रत्येक पेंढी उकलून वास घ्या. बुरशीच्या वैरणीनं घोडा खोकतो, आणि बुरशी धरलेला मका तर थेट मेंदूवर जातो. असा मका गाढवालाही घालू नका.

मग चालवायचं. पहिले तीन आठवडे नुसतं चालवायचं, पळवायचं अजिबात नाही. आधी अर्धा तास, मग वाढवत सव्वा तासापर्यंत, कडक रस्त्याच्या कडेनं, सरळ रेषेत, मान मोकळी सोडून. पुढचे तीन आठवडे चालण्यात दुडकीचे तुकडे. तिकडं इंग्लंडातही उन्हाळ्याची रजा संपवून घोडे चरणीतून आत आले की कित्येक आठवडे हेच चालतं. कारण सरळ आहे. घोड्याचा दमसास लवकर वाढतो, मांसही लवकर भरतं. हाड आणि शीर (रक्ताची नव्हे, नळीमागचा दोरीसारखा स्नायुबंध) मात्र फार सावकाश कणखर होतात. महिन्याभरात घोडा उड्या मारायला लागतो, पोरांना वाटतं तयार झाला. वरचं अंग तयार झालेलं असतं, पाय अजून पावसाळ्यातलेच असतात.

राजबा पाच वर्षांचा होता तेव्हा मी हीच चूक केली. त्या वर्षी नांगरटीच्या कामात सापडलो, दसऱ्यापर्यंत त्याला बाहेर काढलं नाही, आणि दिवाळीनंतर एका जत्रेत कडक भुईवर चाल दाखवायला नेलं. आदल्या सकाळी डाव्या पुढच्या पायाची शीर किंचित कोमट लागली होती. मला कळलं होतं. तरी नेलं, कारण एक गिऱ्हाईक बघायला येणार होतं. तिसऱ्या फेरीला तो लंगडला. आठ महिने तो ठाणावर उभा होता आणि मी रोज त्याच्या पायावर पाणी सोडत बसायचो. ती कोमट शीर अजून माझ्या बोटांना आठवते.

त्यामुळं हे नीट वाचा. पहाटे घोडा ठाणावरून सोडायच्या आधी, एक पाऊलही चालवायच्या आधी, पाय बघायचे. चालल्यावर रक्त फिरतं आणि पाय खोटं बोलायला लागतो. हात आधी गार पाण्यात बुडवून पुसून घ्या. हाताची पाठ गुडघ्याखाली नळीवर ठेवा, सावकाश खाली आणा, लगेच दुसऱ्या पायावर तसंच करा. दोन्ही सारखेच गार लागले पाहिजेत. मग पाय उचलून मांडीवर घ्या, नळीमागची शीर अंगठा आणि दोन बोटांत धरा आणि गुडघ्यापासून गाठीपर्यंत, म्हणजे खुराच्या वरच्या सांध्यापर्यंत, बोटाबोटानं उतरा. चांगली शीर पीळ दिलेल्या दोरीसारखी लागते, दोन्ही कडा बोटाला स्पष्ट कळतात. बिघडायला लागलेली शीर पाणी प्यायलेल्या सुतळीसारखी लागते, कडा हरवते. दाबल्यावर घोडा पाय ओढून घेतो का, कान मागं टाकतो का, तेही बघा. माझा भाचा आता हे काम करतो. रोज ओरडून सांगतो, “मामा, चारी पाय गार हायत!” मग मी खोगीर चढवायला सांगतो. ज्या दिवशी तो गप्प बसतो त्या दिवशी मी स्वतः उठतो. एक पाय जरी कोमट असला तर त्या दिवशी काम नाही, वहीत काहीही लिहिलेलं असो.

आठव्या आठवड्यापासून चढ. आपल्याकडं बालाघाटाचे माळ आहेत, हे आपलं भाग्य समजा. चढावर कमी वेगात जास्त दम लागतो आणि पायावर दणका कमी बसतो. इंग्लंडात मार्टिन पाइप यांनी सॉमरसेटमध्ये हीच पद्धत धरली होती: चढाची छोटी धाव, मग दम खाऊ द्यायचा, मग पुन्हा धाव. ते पंधरा वेळा तिथले अव्वल प्रशिक्षक ठरले. मी राजबाला माळावर चारशे पावलांचा चढ दुडकीनं चढवतो, उतरताना स्वतः खाली उतरून हातानं धरून आणतो. दोन फेऱ्यांपासून सुरुवात, महिन्याभरात पाच. वर पोचल्यावर नाकपुड्या बघायच्या आणि बरगडीवर श्वास मोजायचा. दहा मिनिटांत श्वास पूर्ण बसला नाही तर दुसऱ्या दिवशी एक फेरी कमी. ऑक्टोबरचं ऊन मराठवाड्यात माणसाला सोसत नाही, घोड्याला कुठून सोसणार? काम सूर्य उगवायच्या आत सुरू आणि आठच्या आत संपलेलं हवं. घामातून मीठ जातं, म्हणून चंदीत (रोजच्या दाण्यात) मूठभर मीठ टाका.

चंदीचं एकच सांगतो, कामाच्या मागून चंदी वाढवा, पुढून नाही. आणि सुट्टीच्या दिवशी दाणा निम्मा करा, वैरण वाढवा. भरल्या चंदीवर एक दिवस उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी कामात मागच्या अंगानं आखडतो, लघवी काळपट होते. असं झालं तर एक पाऊलही चालवू नका, डॉक्टर बोलवा.

आता जमीन. उडीच्या शर्यतीतले लोक बेत सांगताना दर दुसऱ्या वाक्यात जमिनीचं नाव घेतात, आणि भुई कडक असली तर ऐन दिवशी घोडा काढून घेतात. आपण काय करतो? हलगी वाजली की सोडलं. आपली काळी भुई फार फसवी. परतीचा पाऊस झाला की ती खुराला धरून ठेवते, पाय उपसताना शिरेला हिसका बसतो. तीच भुई मार्गशीर्षात वाळून भेगाळते, भेगेत खूर गेला की गाठ मुरगळली. म्हणून काळ्या रानात घोडा पळवायचाच नाही. मुरमाड माळ, गाडीवाटेचा मधला पट्टा किंवा ओल धरलेली नदीकाठची वाळू. वाळूसुद्धा घट्ट, ओली; कोरडी खोल वाळू शीर तोडते. रेड रम नावाच्या घोड्याचे खूर मुळात दुखरे होते. जिंजर मॅकेन यांनी त्याला साउथपोर्टच्या समुद्रकाठच्या वाळूवर तयार केलं, रोज समुद्राच्या पाण्यात चालवलं, आणि त्यानं ग्रँड नॅशनल तीनदा जिंकली: १९७३, १९७४ आणि १९७७. आपल्याला समुद्र नाही, पण गोदावरी-मन्याडचा काठ आहे. काम झाल्यावर गुडघाभर वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं उभं करा. मोगराला तर त्याची इतकी सवय झालीय की नदी दिसली की ती स्वतः वळते.

हंगामातली पहिली बाहेरची फेरी जिंकायला नसते, घोड्याला विचारायला असते. राजबाला मी दिवाळीनंतर एखाद्या लहान जत्रेत नेतो, तीन-चतुर्थांश जोरात दोन फेऱ्या काढतो आणि परत आणतो. लोक म्हणतात, अजून सोडा की! सोडायचा नाही. खरी फेरी घरी आल्यावर सुरू होते. त्या रात्री तोबऱ्यात दाणा उरला का? दुसऱ्या सकाळी पाय गार आहेत का? तिसऱ्या सकाळी? बिघाड बरेचदा तिसऱ्या दिवशी बोलतो. सगळं ठीक असेल तर पाच दिवस हलकं काम, मग पुन्हा चढ. दाणा उरला असेल तर पुढची तारीख खोडा. मोगरासाठी पहिली फेरी म्हणजे लहान वरात; बॅंडवाल्यांना आधी सांगून ठेवतो की फटाके तिच्या मागं लावू नका. डीजेच्या भिंतीपुढं तिला मी उभीच करत नाही, पैसे गेले तरी चालतील.

भिंगरीचं काय, असं सगळे विचारतात. तिकडच्या उडीच्या शर्यतींतला एक नियम मला फार शहाणा वाटतो. ज्या घोड्यानं हंगाम सुरू होण्याआधी त्या प्रकारातली एकही शर्यत जिंकलेली नाही तो नवखा धरला जातो, आणि त्याला त्या हंगामभर नवख्यांबरोबर पळता येतं. त्यामुळं जाणता माणूस कोवळ्या घोड्याला घाईनं मोठ्यांत ढकलत नाही, पुढच्या वर्षासाठी राखून ठेवतो. भिंगरी यंदा माळेगावला येईल, पण रिंगणात नाही. राजबाच्या शेजारी बांधली जाईल, हलगी ऐकेल, उंट बघेल, गर्दीत पाणी प्यायला शिकेल. गिऱ्हाइकांनी दात बघायला तोंड उघडलं तर उघडू देईल. एवढंच तिचं या वर्षाचं काम.

यात्रेआधीचा शेवटचा आठवडा हलका ठेवा. चढ बंद, फक्त दुडकी, आणि निघायच्या चार दिवस आधी एक छोटी जोरकस धाव. नाल आठ दिवस आधी, आदल्या दिवशी नाही. खिळा चुकला तर सावरायला वेळ हवा. टेंपोतून नेत असाल तर तळाला माती आणि कडब्याचा थर द्या आणि देवस्वारीच्या दोन दिवस आधी पोचा. घरचा दाणा आणि घरची वैरण बरोबर घ्या, तिथं नवीन काही घालू नका. काही घोडे परक्या पाण्याला तोंड लावत नाहीत, त्यांच्यासाठी दोन कॅन घरचं पाणी घ्या आणि हळूहळू तिथलं मिसळत जा. रात्री थंडी पडते, पाठीवर झूल हवीच. आणि चतुर्दशीच्या पहाटे, भंडारा उधळायला जायच्या आधी, कंदील घेऊन ठाणावर जा आणि पाय बघा.