दिनविशेषाचा फलक कसा लिहावा : सोलापूरच्या १२ जानेवारीचे उदाहरण

शाळेच्या, वाचनालयाच्या किंवा गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर रोज दिनविशेष लिहिण्याचे काम ज्याच्याकडे येते, त्याला ते पहिले आठ दिवस फार सोपे वाटते, कारण मोबाइलवर आलेल्या संदेशात तयार यादी मिळते आणि खडू उचलून ती उतरवली की काम संपते. नवव्या किंवा दहाव्या दिवशी कोणीतरी फलकासमोर थांबून ‘हे साल बरोबर आहे का?’ असे विचारतो आणि खरे काम तेथून सुरू होते. सोलापुरात हे काम शिकायचे असेल तर १२ जानेवारीचे पान घ्यावे. एवढे भरलेले आणि एवढे अडचणीचे पान वर्षात क्वचितच सापडते.

प्रथम एक जाड वही घ्यावी आणि तिची ३६६ पाने आखावीत, ३६५ नव्हेत. २९ फेब्रुवारीचे पान चार वर्षांनी एकदाच उघडले जाते खरे, पण त्यावर मोरारजी देसाई (१८९६) आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल (१९०४) यांचे जन्म आहेत आणि ते २८ तारखेवर ढकलण्याचा अधिकार आपल्याला नाही. प्रत्येक पानाचे घटना, जन्म आणि मृत्यू असे तीन भाग करावेत, आणि उजवीकडे एक रुंद समास सोडावा. नोंद कोठून घेतली, ती दुसऱ्या कोणत्या ठिकाणी पडताळली आणि त्यात काय शंका राहिली, हे त्या समासात पेन्सिलीने लिहावे. माझ्या मते वहीतील सर्वांत मोलाची जागा तीच असते, कारण फलक संध्याकाळी पुसला जातो, समास मात्र पुढच्या वर्षी आपल्याला सावध करतो.

पानाची सुरुवात आपल्या गावापासून करावी. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार तरुणांना पुण्याच्या येरवडा कारागृहात फाशी देण्यात आले. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात जो उठाव झाला, त्यातील पोलिसांच्या हत्येचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला होता. शहरात त्यांचे पुतळे आहेत आणि त्या चौकातून आपण रोज जातो, तरीही बाहेरून आलेल्या तयार यादीत ही नोंद बहुधा नसते. म्हणून ती पहिल्या ओळीवर लिहावी आणि चारही नावे पूर्ण लिहावीत. ‘चार हुतात्मे’ एवढ्यावर भागवल्यास मुलांना संख्या पाठ होते, माणसे होत नाहीत. येथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. सोलापुरात मार्शल लॉ (लष्करी कायदा) पुकारला गेला तो १२ मे १९३० रोजी. तारखेचा आकडा सारखाच असल्यामुळे फाशीचा दिवस आणि मार्शल लॉचा दिवस यांची सरमिसळ झालेली मी एकाहून अधिक भाषणांत ऐकली आहे.

याच दिवशी राजमाता जिजाऊ यांची जयंती येते आणि येथे कालगणनेचा प्रश्न उभा राहतो. जिजाऊंचा जन्म शके १५१९ च्या पौष पौर्णिमेला सिंदखेडराजा येथे झाला असे मानले जाते. शकाचे इसवी साल करताना सामान्यतः ७८ मिळवतात; पण शक चैत्रात सुरू होतो आणि इंग्रजी वर्ष जानेवारीत बदलते, त्यामुळे पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींना बहुधा ७९ मिळवावे लागतात. १५१९ मध्ये ७९ मिळवले की १५९८ मिळते. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुनातील, म्हणून १५५१ अधिक ७९ म्हणजे १६३०. राज्याभिषेक ज्येष्ठातील, म्हणून १५९६ अधिक ७८ म्हणजे १६७४. हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, कारण एका वर्षाने चुकलेल्या नोंदींचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

दुसरी पायरी थोडी अवघड आहे. त्या काळातील या तारखा जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगाप्रमाणे दिलेल्या असतात. रोमच्या आज्ञेने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर मोजण्यात आला, परंतु इंग्रजांनी ही सुधारणा १७५२ मध्ये स्वीकारली आणि २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर धरला. त्यामुळे १५९८ मधील १२ जानेवारी ही आजच्या पद्धतीने २२ जानेवारी होते, आणि महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही १ मार्च १६३० होते. फलकावर मात्र रूढ तारीखच लिहावी. जयंतीचा दिवस ठरवणे हे फलक लिहिणाऱ्याचे काम नव्हे. समासात ‘जुनी पद्धत’ एवढे दोन शब्द असले की कोणी विचारल्यावर उत्तर देता येते.

तिथी आणि तारीख यांची गल्लत मी स्वतः एकदा केली आहे. पानिपतची लढाई मकर संक्रांतीच्या दिवशी झाली, असे मी एका १४ जानेवारीला मोठ्या अक्षरांत लिहिले होते. लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी, बुधवारी, पौष शुद्ध अष्टमीला झाली, हे खरे. पण त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. संक्रांत सूर्याच्या गतीवर ठरते आणि इंग्रजी तारखेच्या मानाने ती साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याचा, म्हणजे यात्रेचा, अक्षता सोहळा १४ जानेवारीच्या सुमारास होत असल्यामुळे संक्रांत म्हणजे १४ तारीख हे आपल्या डोक्यात इतके पक्के बसलेले असते की मागच्या शतकांनाही आपण तेच लावतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता, हे त्याच पानावर लिहिले की ही गोष्ट सहज पटते.

वार पडताळून पाहणे ही सर्वांत स्वस्त परीक्षा आहे. कागदपत्रात तारखेबरोबर वार दिलेला असेल, तर मोबाइलवरील कोणत्याही शंभर वर्षांच्या दिनदर्शिकेत तो जुळतो का ते पाहावे. १२ जानेवारी १९३१ रोजी सोमवार होता; एखाद्या लेखात गुरुवार दिसला तर तो लेख बाजूला ठेवून दुसरा शोधावा. निधनाच्या नोंदी वर्तमानपत्रावरून घेताना तर अधिक जपावे, कारण १२ तारखेला गेलेल्या माणसाची बातमी १३ च्या अंकात येते आणि घाईत अंकाची तारीखच वहीत उतरते. दूर देशातील घटनेत घड्याळाचाही फरक असतो : हैतीचा भूकंप तेथे १२ जानेवारी २०१० च्या दुपारी पावणेपाचनंतर झाला, तेव्हा आपल्याकडे १३ तारखेची पहाट झाली होती. अशा वेळी घटना जेथे घडली तेथील तारीख धरावी.

आता निवड करावी. १२ जानेवारीच्या पानावर १७०८ मध्ये साताऱ्याला झालेला शाहू महाराजांचा राज्याभिषेक आहे, १९१८ मध्ये पुणतांब्याला झालेला संगीतकार सी. रामचंद्र यांचा जन्म आहे, १९३४ मध्ये चितगावला फाशी गेलेले सूर्य सेन आहेत, १९९२ मध्ये देवासला निवर्तलेले कुमार गंधर्व आहेत. सगळे एकाच फलकावर मावत नाही आणि मावले तरी कोणी वाचत नाही. मी सहा ओळींच्या वर जात नाही; त्यांतील दोन गावाच्या किंवा जिल्ह्याच्या, दोन महाराष्ट्राच्या, एक देशाची आणि एक जगाची, असे साधारण प्रमाण ठेवतो. ज्या दिवशी गावाचे काही नसेल त्या दिवशी ओढूनताणून आणू नये.

गावाच्या नोंदी जमवायला वेळ लागतो. जिल्ह्याचे गॅझेटिअर आणि जुन्या वाचनालयांतील वर्तमानपत्रांचे बांधीव अंक ही दोन ठिकाणे आहेतच, परंतु जुन्या शाळांच्या आणि गिरण्यांच्या कोनशिलाही वाचाव्यात. त्यावरील तारीख पायाभरणीची आहे की उद्घाटनाची, हे पाहूनच ती नोंदवावी. डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१० ऑक्टोबर १९१०) आणि वालचंद हिराचंद (२३ नोव्हेंबर १८८२) यांचे जन्म सोलापुरातील आहेत, त्यामुळे ती दोन पाने तरी पहिल्याच दिवशी भरतात. या शहरात मराठीच्या बरोबरीने कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरे आहेत. त्या भाषेतील नाव लिहिण्यापूर्वी ते त्या घरच्या एखाद्या विद्यार्थ्याकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्यावे आणि मगच लिहावे.

शब्दांचे भान शेवटपर्यंत सोडू नये. जयंती साजरी होते, स्मृतिदिन पाळला जातो. पुण्यतिथी हा शब्द तिथीने येणाऱ्या दिवसाचा, म्हणून इंग्रजी तारखेपुढे मी ‘स्मृतिदिन’ लिहितो. हा आग्रह काहींना सोवळेपणाचा वाटतो, तो तसा असेलही. फाशीसाठी ‘निधन’ लिहू नये. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीचा आनंद आणि हुतात्म्यांचे स्मरण एकाच फलकावर येते, तेव्हा फुलांची नक्षी जयंतीच्या ओळीभोवतीच काढावी आणि हुतात्म्यांच्या चार नावांखाली फक्त एक सरळ रेघ ओढावी. संध्याकाळी फलक पुसण्यापूर्वी वाचकांनी दिवसभरात दाखवलेल्या चुका समासात उतरवून घ्याव्यात आणि १३ तारखेचे पान उघडावे.